केरळसारखं सरकारी ओटीटी मराठीला मिळालं तर छोट्या निर्मात्याचे पैसे सुटतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की केरळ सरकारने मल्याळम सिनेमांसाठी सी-स्पेस नावाचं स्वतःचं ओटीटी काढलंय, मग महाराष्ट्र सरकार मराठीसाठी असं काही का काढत नाही, आणि उद्या काढलंच तर ज्याचा सिनेमा दोन वर्षं हार्डडिस्कमध्ये पडून आहे अशा निर्मात्याचे पैसे सुटतील का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो कारण खरं दुखणं तिथे आहे. नाही सुटणार. तरी असं ओटीटी यायला हवं असं माझं मत आहे, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची कशी ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी वीसेक वर्षं मराठी सिनेमांच्या राईट्सची आणि डिलिव्हरीची कामं करतोय. म्हणजे निर्मात्याकडून सिनेमा घ्यायचा, कागद तपासायचे, मास्टर (ज्यावरून पुढच्या सगळ्या कॉपी निघतात ती पक्की प्रत) बनवून घ्यायचा, चॅनलला किंवा ओटीटीला पोचवायचा आणि मग पेमेंटसाठी फोन करत बसायचं. ग्लॅमर शून्य, पण सिनेमा थेटरातून उतरल्यावर त्याचं पुढे काय होतं ते मात्र जवळून बघायला मिळतं.

आधी सी-स्पेस म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण आपल्याकडे लोक 'सरकारी नेटफ्लिक्स' म्हणून मोकळे होतात आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. हे चालवतं केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ. २०२२ च्या मे महिन्यात नाव जाहीर झालं, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, केरळच्या स्थापनादिनी येणार होतं, प्रत्यक्षात आलं ७ मार्च २०२४ ला, तिरुवनंतपुरमच्या कैरली थेटरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. सुरुवातीला ४२ कलाकृती होत्या, त्यात ३५ सिनेमे, ६ माहितीपट आणि १ लघुपट. महिन्याची वर्गणी नाही, जो सिनेमा बघायचा त्याचेच पैसे भरायचे. पूर्ण लांबीच्या सिनेमाला ७५ रुपये, छोट्या फिल्मला लांबीप्रमाणे कमी. आणि त्या पैशातला अर्धा वाटा निर्मात्याचा. सिनेमा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० जणांचं पॅनल केलं, त्यात लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन असे सगळे, आणि आलेली प्रत्येक फिल्म त्यातले तिघे बघणार अशी पद्धत ठेवली. थेटरवाल्यांनी आरडाओरडा करू नये म्हणून सिनेमा आधी थेटरात आणि नंतर इथे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आता यात काय नाहीये ते बघा. मिनिमम गॅरंटी नाही. म्हणजे सरकार तुमचा सिनेमा विकत घेत नाहीये, आपल्या दुकानात मांडायला जागा देतंय. विकला गेला तर अर्धे तुमचे. छोट्या निर्मात्याच्या डोक्यात 'ओटीटीला गेला' म्हणजे रकमी चेक आला असं समीकरण बसलंय, ते चॅनलच्या काळातलं आहे, जेव्हा सॅटेलाईट राईट्स, म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क, एकरकमी जायचे आणि नुसत्या त्या भरवशावर सिनेमे सुरू व्हायचे. तो काळ गेला. आज मोठ्या खासगी ओटीटीवालेसुद्धा छोट्या मराठी सिनेमाला बहुतेक वेळा ॲग्रीगेटरकडे, म्हणजे अनेकांचे सिनेमे गोळा करून ओटीटीला पुरवणाऱ्या मधल्या कंपनीकडे पाठवतात आणि तिथेही वाट्याचाच हिशोब असतो.

गणित करून टाकू, मोबाईलवर तुम्हीही करू शकता. समजा तुमचा सिनेमा ६० लाखांत झालाय. ७५ चा अर्धा म्हणजे साडेसदतीस रुपये. टॅक्स, पेमेंट गेटवेवाल्याची कात्री वगैरे सगळं बाजूला ठेवलं तरी ६० लाख भरून यायला १ लाख ६० हजार लोकांनी खिशातून पैसे काढून तुमचा सिनेमा बघितला पाहिजे. जो सिनेमा थेटरात शुक्रवारी लागून पुढच्या गुरुवारी उतरला, त्याच्यासाठी एवढी माणसं कुठून येणार? दोन हजार लोकांनी बघितला तर हातात येणार ७५ हजार. त्यात साउंड स्टुडिओची राहिलेली उधारीसुद्धा फिटत नाही.

मग कशासाठी हवं? तर त्या दोन हजारांसाठी. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. आज त्या दोन हजार लोकांना सिनेमा दाखवायची कायदेशीर, धड जागाच नाही. मागच्या वर्षी एका निर्मात्याला चार ठिकाणांहून मेल आले, सगळे परदेशातले मराठी लोक, 'तुमचा सिनेमा कुठे बघता येईल, पैसे भरायची तयारी आहे', आणि तो बिचारा त्यांना काय सांगणार, शेवटी त्यातल्याच एकाने टेलिग्रामवर शोधून बघितला आणि प्रामाणिकपणे कळवलंही की सिनेमा आवडला. यावर हसावं की रडावं ते मला अजून कळलेलं नाही.

खासगी ओटीटीला या दोन हजारांत रस नसतो, नसणारच, सर्व्हरचा खर्च आणि माणसांचे पगार त्यांना यातून काढायचे असतात. सरकारला मात्र हा हिशोब वेगळा मांडता येतो. जिल्हा ग्रंथालयात वर्षाला चौघांनीच उघडलेलं पुस्तक असतं, म्हणून कोणी ते रद्दीत घालत नाही. केरळने सी-स्पेसवर महामंडळाने स्वतःच पैसे घालून केलेले सिनेमेही आणले, 'निषिद्धो' आणि 'बी ३२ मुतल ४४ वरे' हे दोन्ही महिला दिग्दर्शकांसाठीच्या योजनेतले, जिथे एकेका सिनेमाला दीड कोटीपर्यंत रक्कम मिळते. म्हणजे जनतेच्या पैशातून सिनेमा झाला आणि तो जनतेला बघायची सोयही झाली. साधी गोष्ट आहे. आपल्याकडे हीच साधी गोष्ट अर्धी होऊन राहिलीये, त्यावर खाली येतो.

आधी कागद. ॲप बनवणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, टेंडर काढलं की कोणीतरी करून देतो. अडतं ते कागदांपाशी. एक किस्सा सांगतो, नावं नाही सांगत. २००९ च्या आसपासचा एक मराठी सिनेमा, चांगला सिनेमा, तेव्हा पेपरांत कौतुक झालेलं. निर्माते वारले होते, मुलगा कोल्हापूरला, तो म्हणाला या, सगळे कागद बाबांनी नीट ठेवलेत. गेलो. लोखंडी कपाट, खालच्या कप्प्यात साड्यांच्या खोक्यात फाईल. सेन्सॉर सर्टिफिकेट होतं, लॅबच्या पावत्या होत्या, हिरोने मानधन मिळाल्याची सही केलेलं व्हाउचर होतं, आणि १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर एका कंपनीबरोबरचा करार होता. त्यात लिहिलेलं की आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागतील अशा सर्व माध्यमांतले, संपूर्ण विश्वातले हक्क, कायमचे. कशाच्या बदल्यात? तेव्हाच्या मानानेही फुटकळ म्हणावी अशा रकमेत. मुलाने विचारलं, 'विश्वातले म्हणजे काय हो काका?' मी म्हटलं, चंद्रावर थेटर निघालं तरी पैसे त्यांना. तो हसला, त्याची आई नाही हसली.

त्या कंपनीने दोनतीन वर्षांत सिनेमा चारपाच वेळा दाखवला आणि मग विसरून गेली. विकत नाही, दाखवत नाही, परतही देत नाही. असे किती सिनेमे मराठीत अडकलेत ते कोणी मोजलेले नाहीत, पण माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्याचौथ्या फाईलमध्ये हाच प्रकार असतो. सरकारी ओटीटी उद्या निघालं तर पहिल्या सहा महिन्यांत हे बाहेर येईल, यादीत दोनशे नावं आणि त्यातल्या चाळीसच सिनेमांचे कागद स्वच्छ, असं काहीसं.

इथे कायद्यातल्या दोनतीन गोष्टी माहीत असू द्या, वकिलाकडे जायच्या आधी उपयोगी पडतात. कॉपीराईटच्या करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जे माध्यम कराराच्या वेळी वापरातच नव्हतं त्याचे हक्क आपोआप जात नाहीत, कायद्याने म्हटलंय की त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख पाहिजे. तो 'पुढे शोध लागतील अशा सर्व' वाला शब्दप्रयोग पुरेसा आहे का, तुमचा करार दुरुस्तीच्या आधीचा असेल तर काय, यावर वकील लोक तुमच्याकडून तासाचे पैसे घेऊन वाद घालतील, पण निदान दार पूर्ण बंद आहे असं समजून घरी बसू नका. आमच्या कोल्हापूरच्या मुलाने नोटीस पाठवली तेव्हा समोरून तीन महिन्यांनी फोन आला की 'बसून बोलू'. अजून बसून बोलणंच चालू आहे.

कागद झाले की मास्टर. हा भाग बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो पण माझं पोट यावर आहे त्यामुळे सहन करा. फिल्मवर शूट झालेला सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपलं टीव्हीचं जुनं तंत्र २५ फ्रेमचं. त्यामुळे चॅनलला देण्यासाठी तेव्हा टेलिसिने करून, म्हणजे फिल्मवरचं चित्र व्हिडिओवर उतरवून, जी बीटा टेप बनायची, ती सिनेमा किंचित पळवून बनायची. दोन तासांचा सिनेमा टेपवर पाचेक मिनिटांनी छोटा होतो. आवाज थोडा पातळ होतो, हिरोईनचा फारसा कळत नाही पण निळूभाऊंसारखा खर्जातला आवाज असला की लगेच जाणवतं. आता निर्मात्याकडे निगेटिव्ह नसते, लॅब बंद पडलेली असते, उरलेली असते ती टेप, नाहीतर त्या टेपवरून काढलेली फाईल, आणि कोपऱ्यात चॅनलचा लोगो. सबटायटल मात्र फेस्टिव्हलसाठी मूळ प्रिंटवरून बनवलेली. दोन्ही एकत्र लावले की पहिल्या अर्ध्या मिनिटात काही कळत नाही, दोनतीन मिनिटांतच माणूस बोलून गप्प झाल्यावर त्याचं वाक्य खाली उमटायला लागतं, तासाभरात फरक जवळजवळ अडीच मिनिटांवर जातो. मी स्वतः एकदा घाईत मधली आणि शेवटची दहा दहा मिनिटं न बघता फक्त पहिली रील, म्हणजे सिनेमाचा सुरुवातीचा तुकडा, तपासून फाईल पाठवली होती, क्यूसी म्हणजे दर्जा तपासणीच्या रिपोर्टमध्ये लाल शाईची दोन पानं परत आली आणि ती मी अजून जपून ठेवलीत.

सरकारी ओटीटीला हे सगळं दुरुस्त करायला लागेल किंवा तसंच दाखवावं लागेल, आणि तसंच दाखवलं तर प्रेक्षक म्हणणार, 'सरकारी आहे, असंच असणार'. एकदा हा शिक्का बसला की ७५ काय, सात रुपयेसुद्धा कोणी देत नाही. म्हणून बजेट आलं तर त्यातला मोठा हिस्सा ॲपवर आणि उद्घाटनाच्या मांडवावर न घालता स्कॅनिंग आणि सबटायटलवर घातला पाहिजे, हे मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत असतो. ते 'हो हो, बरोबर आहे' म्हणतात, चहा चांगला असतो.

केरळला हे जमण्यामागे आणखी एक गोष्ट आहे जी ॲपमध्ये दिसत नाही. त्या महामंडळाची स्थापना १९७५ ची. त्याचा स्वतःचा चित्रांजली स्टुडिओ आहे, स्वतःची थेटरं आहेत, तिरुवनंतपुरमला कैरली, श्री, निळा एकाच आवारात. चित्रलेखा फिल्म सोसायटी १९६५ ची, अडूर गोपालकृष्णन आणि मंडळींनी उभी केलेली, आणि मग गावोगाव सोसायट्या निघाल्या. तीन पिढ्या खुर्चीत बसून वेगळे सिनेमे बघायची सवय लागलेला प्रेक्षक तिथे आधीपासून होता, ओटीटी त्याच्यावर रचलेला शेवटचा मजला आहे. आपल्याकडे काहीच नाही असं नाही, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्याचा फेस्टिव्हल आहे, गोरेगावची चित्रनगरी आहे, पण चित्रनगरीचा मुख्य धंदा सेटसाठी जागा भाड्याने देणं हा, आणि प्रदर्शनाची बाजू आपण कायम 'मल्टिप्लेक्सला शो द्यायला लावा' या एका मागणीवर सोडून दिली. २०१५ ला मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सने प्राईम टाईमचा, म्हणजे संध्याकाळचा शो द्यावा यावरून केवढा गदारोळ झाला, शो मिळाले, दुपारी बाराच्या शोलाही प्राईम टाईम म्हणायचं यावर तडजोड झाली. बाराचा शो प्राईम टाईम! असो.

इतर राज्यांत आणि केंद्रातही हालचाल आहेच. कर्नाटकाने मार्च २०२५ च्या बजेटमध्ये कन्नड सिनेमांसाठी सरकारी ओटीटीची घोषणा केली, त्याच भाषणात तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घालायचंही जाहीर केलं, आणि चर्चा सगळी तिकिटावरच झाली. प्रसार भारतीचं वेव्हज हे ओटीटी नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, पण त्याचा जीव दूरदर्शनचा जुना खजिना, लाईव्ह चॅनल आणि रेडिओ यांत आहे, तिथे मराठी सिनेमा हा एका मोठ्या मॉलमधला कोपऱ्यातला गाळा.

आता महाराष्ट्राने काय करावं यावर माझं म्हणणं. नव्याने काही शोधायची गरज नाही, हातात दोन गोष्टी आधीच आहेत.

पहिली म्हणजे अनुदान. मराठी सिनेमांना दर्जा ठरवून सरकार पैसे देतंच, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख असा हिशोब राहिलाय. परीक्षण समिती सिनेमा बघते, गुण देते, चेक निघतो, त्याला कधी कधी किती वर्षं लागतात ते जाऊ दे, पण निघतो. आणि त्यानंतर तो सिनेमा सरकार आणि जनता दोघांच्याही नजरेआड. ज्यासाठी तिजोरीतून ४० लाख गेले तो बघायचा म्हटला तर कुठे बघायचा? अनुदानाच्या करारात एक कलम घाला की रिलीजनंतर तीन वर्षांनी राज्याच्या प्लॅटफॉर्मला नॉन-एक्स्क्लुझिव्ह हक्क, पैसे आले तर अर्धे निर्मात्याचे, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता घेताना सबटायटलसह स्वच्छ मास्टर जमा करायचा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह हा शब्द फार महत्त्वाचा, म्हणजे निर्माता उद्या दुसरीकडेही विकू शकतो. हे एक कलम टाकलं की पाच वर्षांत लायब्ररी आपोआप उभी राहते, एकाही कपाटात शोधाशोध न करता.

दुसरी गोष्ट पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ चं, २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे केंद्राच्या चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेलं. भारतात सिनेमाचा कॉपीराईट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ पर्यंत लागलेले सगळे मराठी सिनेमे २०२५ च्या १ जानेवारीला मोकळे झाले, आणि दर वर्षी आणखी एका वर्षाचे होतात. यात एक मेख आहे, कथा, गाणी, संगीत यांचे हक्क वेगळे, ते लेखक-कवी गेल्यावर ६० वर्षं, त्यामुळे काही सिनेमांत वारसांना विचारावं लागेलच. पण हे वारस शोधणं आणि त्यांना मानाने विचारणं सरकारला जेवढं सोपं आहे तेवढं माझ्यासारख्याला नाही, माझा फोन आला की लोकांना वाटतं क्रेडिट कार्डवाला आहे. प्रिंट कुठल्या अवस्थेत आहेत ते वेगळं, काही नष्टच झाल्यात, पण ज्या आहेत त्यांच्यासाठी केंद्र आणि राज्य यांनी बसून ठरवायचंय एवढंच.

आणि हिशोब. सी-स्पेसचं मला सगळ्यात आवडलेलं तत्त्व म्हणजे एका सिनेमाचे पैसे त्याच सिनेमाला. वर्गणीच्या ओटीटीत तुमचा सिनेमा किती मिनिटं बघितला, सगळ्यांच्या वर्गणीच्या एकत्र पूलमधून किती वाटा निघाला, यावर तुम्ही काही बोलूच शकत नाही. मला एका ॲग्रीगेटरकडून एकदा तिमाहीचं स्टेटमेंट आलं होतं, रक्कम रुपये २१३, आणि ५०० च्या खाली रक्कम असेल तर पुढे ओढली जाईल अशी टीप. इथे मात्र आज किती तिकिटं गेली ते निर्मात्याला स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसू शकतं, दिसायलाच पाहिजे, आणि महिन्याच्या अमुक तारखेला पैसे खात्यात. हे नसेल तर बाकीचं सगळं केलं तरी सहा महिन्यांत निर्माते सिनेमा द्यायचे बंद होतील, कारण सरकारकडून येणं वसूल करणं काय असतं ते आपल्यातल्या प्रत्येकाने भोगलंय.

आता तुमच्यापुरतं सांगतो. सरकारची वाट बघत बसू नका, पण ते आलं तर दारात पहिले तुम्हीच असाल एवढी तयारी करून ठेवा. दिग्दर्शक, लेखक, संगीतकार, गायक, सगळ्यांच्या सहीची पत्रं एका फाईलमध्ये, स्कॅन करून दोन ठिकाणी. एखाद्या नटाचं पेमेंट राहिलं असेल तर आत्ता बोलून मिटवा, सिनेमा कुठेतरी लागतोय म्हटल्यावर आकडा वाढतो. इंग्रजी सबटायटल चांगल्या माणसाकडून करून घ्या, भाच्याकडून नको. मधल्या काळात कोणी ॲप घेऊन आला आणि दहा वर्षांचे एक्स्क्लुझिव्ह हक्क मागायला लागला, तर त्याला किमान रक्कम किती ते विचारा, आणि तो 'आधी व्ह्यूज येऊ द्या' म्हणाला तर त्याला दोन वर्षांच्या वर आणि एक्स्क्लुझिव्ह असं काही देऊ नका.

आणि ती हार्डडिस्क दोन वर्षं पडून आहे म्हणालात ना, ती आज संध्याकाळी लावून बघा. अख्खा सिनेमा, पहिली रील नाही, शेवटपर्यंत. चालली तर लगेच दुसरी कॉपी काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. नाही चालली तर एडिटरला फोन करा, त्याने प्रोजेक्ट अजून उडवलं नसेल अशी आशा करू.